तिसऱ्यातून दुसऱ्यात

आमच्या सोसायटीतल्या गाड्या तीन रंगांच्या आहेत: पांढरा, करडा आणि धूळ. त्यामुळे गेल्या जानेवारीत बी विंगमधल्या तृप्तीनं लालभडक, टर्बो इंजिनाची, सहा गिअरची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी गाडी आणून पार्किंगमध्ये उभी केली, तेव्हा सेक्रेटरी खाली उतरले आणि त्यांनी विचारलं, "पाहुण्यांची का?"

पाहुण्यांच्या गाड्या आत लावायला आमच्याकडे बंदी आहे.

"माझी आहे," तृप्ती म्हणाली.

"तुझी म्हणजे? चालवणार कोण?"

"मीच. म्हणून तर घेतली."

सेक्रेटरींनी गाडीभोवती एक फेरी मारली, नियमांत बसेल अशी कुठलीच चूक सापडली नाही, आणि ते वर निघून गेले.

तृप्ती सत्तावीस वर्षांची आहे. अंबडच्या एका कारखान्यात टूल डिझाइन करते. म्हणजे ज्या साच्यांतून हजारो वस्तू अगदी एकसारख्या बाहेर पडतात, ते साचे आखते. तिचे वडील देवरामभाऊ एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. त्यातली बरीचशी नाशिक-पेठ रस्त्यावर, कारण त्यांचं गाव पेठच्याही पुढं डोंगरात आहे आणि सावळघाटाची वळणं त्यांना घरच्या जिन्यासारखी पाठ होती. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. त्याचा बिल्ला बैठकीतल्या कपाटात तृप्तीच्या पदवीच्या फोटोशेजारी असतो. मुलीची गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, "रंग सवयीचा हाय."

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. पाटबंधारे खात्यात आहे. वाहत्या गोष्टी अडवण्याचा मला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे, पण गाड्यांतलं काही कळत नाही. तरीही मी या प्रकरणात शेवटपर्यंत होतो, कारण भाऊंना एक साक्षीदार हवा होता आणि शनिवारी मला सुट्टी असते.

गाडी गंगापूर रोडवरच्या 'टॉर्क अँड ट्रस्ट' नावाच्या दालनातून घेतलेली. तिथे 'जुनी' हा शब्द कुणी उच्चारत नाही. प्री-लव्ह्ड म्हणतात, म्हणजे आधी कुणीतरी प्रेम करून सोडून दिलेली. गाडी देताना त्यांनी तृप्तीच्या हाती थर्मोकोलची भलीमोठी किल्ली दिली, केक कापला, आणि ओम नावाच्या विक्रेत्यानं सांगितलं की गाडीची एकशे चाळीस मुद्द्यांवर तपासणी झाली आहे. एकशे एक्केचाळिसावा मुद्दा पाचव्या दिवशी निघाला. मग रांगच लागली.

मागची काच खाली जायची आणि वर येताना विचार करायची. एसीला ओल्या गोणपाटाचा वास होता. मागं कुठंतरी खडखडायचं. इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. दालनाची सेवा मात्र तत्पर होती, हे कबूल केलं पाहिजे. वासावर त्यांनी मोगऱ्याची बाटली लटकवून दिली. खडखडीवर गाण्यांचा आवाज स्टिअरिंगवरूनच कसा वाढवता येतो ते दाखवलं. पिवळा दिवा लागायचा बंद झाला. इंजिन दुरुस्त झालं की दिवा, हे आजही नक्की सांगता येत नाही. काचेचं काम तृप्तीनं स्वतःच रविवारी दार खोलून केलं आणि हात पुसत म्हणाली, "असू दे. गाडी पळते छान."

ती खरंच छान पळायची. ही पोरगी सकाळी कामाला निघायची तेव्हा गेटबाहेर पडेपर्यंत इतकी हळू, इतकी सभ्य चालवायची की कुत्रीही उठायची नाहीत. आणि मग मोठ्या रस्त्याला लागल्यावर एक आवाज यायचा, पोटातून आलेला, आणि ती गेलेली असायची. आमच्या बाल्कनीत मी चहाचा कप हातात घेऊन तो आवाज ऐकायला थांबायला लागलो होतो. योगिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते ओळखलं होतं आणि ती चहा पाच मिनिटं आधी करायला लागली होती.

राहिला गिअर. गाडी तापली की तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना तो ओरडायचा. गिरणीत दळणाबरोबर खडा गेला तर जसा आवाज येईल तसा. दर वेळी नाही. दहातून सहा वेळा. तृप्ती गाडी घेऊन दालनात गेली. तिथले सर्व्हिस मॅनेजर ज्ञानेश शेजारी बसले, गिअर ओरडला, आणि ते अगदी मनापासून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, गिअर ठीक आहे. परफॉर्मन्स कार आहे ना, हिला हात लागतो. तुम्ही ऑटोमॅटिक का नाही बघत? लेडीजना सोपी जाते. एक्स्चेंज करून देतो."

आणि कामाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात लिहिलं: ड्रायव्हिंग स्टाइल.

तृप्ती घरी आली, तिनं गाडीवर कव्हर घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसनं जायला लागली. भांडली नाही, रडली नाही. मंगलाबाई, तिची आई, योगिनीला म्हणाल्या, "जेवती नीट, बोलती नीट. फकस्त खाली उतरली का तिकडं बघत नाय. तोंड फिरवून जाती."

त्याच आठवड्यात भाऊ तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, हे काय लिवलंय?"

"ड्रायव्हिंग स्टाइल."

"वाचता येतंय मला. मला जो वाटतोय तोच अर्थ हाय का?"

"तोच आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली. बराच वेळ घातली. घडीवर अंगठा दोनदा फिरवला. "गिअरबॉक्सची सहा महिन्यांची हमी हाय. ती देतील, नाय देतील. मला त्यांच्याकडून लिहून पायजे. दोष गाडीचा हाय, पोरीच्या हाताचा नाय. एवढं एक वाक्य."

"फक्त वाक्य?"

"तिच्या हातात द्यायला."

मग त्यांनी शंभर पानी वही काढली. डेपोत गाडी लावली की दिवसभराच्या तक्रारी लिहून द्यायच्या आणि मगच घरी जायचं, ही त्यांची एकतीस वर्षांची सवय. पहिले तीन आठवडे तृप्ती रोज संध्याकाळी गाडी बाहेर काढायची तेव्हा भाऊ शेजारी बसायचे आणि घरी येऊन लिहायचे. तारीख. किलोमीटर. इंजिन गार की गरम. चढ, उतार की सपाट. आणि तक्रार: 'गरम. उतार. तिसऱ्यातून दुसऱ्यात ओरडतो. चौथ्यातून तिसऱ्यात नाही.' दुसऱ्या दिवशी: 'गार. सपाट. ओरडला नाही. दहा मिनिटांनी गरम. ओरडला.'

मी जन्मभर टिपण्या लिहितोय. माझ्या टिपणीत दोनदा 'तथापि' नसेल तर ती वरून परत येते. भाऊंच्या सहा पानांत एक 'तथापि' नव्हतं, एक विशेषण नव्हतं, आणि गाडीला काय झालंय ते मला, म्हणजे ज्याला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही अशा माणसाला, समजलं. मी वही परत देताना दोन्ही हातांनी दिली.

पहिल्या शनिवारी भाऊ गाडी चालवत आणि मी मागं बसून असे आम्ही दालनात गेलो. तृप्तीला सांगितलं होतं की चाकांत हवा भरायला जातोय.

ज्ञानेश पस्तिशीतले, खिशावर नाव शिवलेला शर्ट, कानात सतत काहीतरी वाजणारं यंत्र. माणूस वाईट नव्हता. त्या माणसाला दिवसभरात चाळीस जण भेटत होते आणि चाळीसही जण ओरडत होते. वही त्यांनी चाळली. "काका, अक्षर भारी आहे. पण आपल्याला फॉल्ट दिसायला पाहिजे ना. चला, दाखवा."

भाऊंनी दाखवलं. आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव. जाऊन-येऊन अकरा गतिरोधक. दर गतिरोधकाला तिसऱ्यातून दुसरा. गिअर एकदाही ओरडला नाही. माझ्या हातातल्या उघड्या बाटलीतलं पाणी हललं नाही. मी आयुष्यात इतक्या शांतपणे कुठंही गेलेलो नाही, झोपेतसुद्धा.

"एक नंबर काका!" ज्ञानेश खाली उतरत म्हणाले. "बघा, गाडीत काही नाहीये." आणि कागदावर लिहिलं: दोष आढळला नाही.

झालं होतं असं. पूर्वीच्या गाड्यांना गिअर सरळ पडायचाच नाही. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, किंचित रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा, मग गिअर घालायचा. याला डबल क्लच म्हणतात. आता गाडीच्या आतच पितळेची एक कडी असते, ती हे काम करते. म्हणून आपण नुसता दांडा ओढतो आणि आपल्याला गाडी येते असं समजतो. या गाडीतली दुसऱ्या गिअरची ती कडी झिजली होती. आणि भाऊंचे पाय, कुणी सांगितलं नसताना, तिचं काम स्वतः करत होते.

"भाऊ," परत येताना मी म्हणालो, "पुढच्या वेळी जरा वाईट चालवा."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना प्रवाशांना घाटात उतरवून निघून यायला सांगितलं असतं तर त्यांनी असंच बघितलं असतं. तरी माणूस भला. म्हणाले, "बघतो." गोदावरीकडे उतरणाऱ्या एका रिकाम्या गल्लीत त्यांनी गाडी घेतली. चौथा, तिसरा. मग त्यांनी दात आवळले, खांदे आवळले, आणि गिअर घातला. सुरेख बसला. पुन्हा. सुरेख. तिसऱ्यांदा कपाळाला घाम.

"पाय ऐकत नाय साहेब," ते म्हणाले. गाडी बाजूला घेऊन पाणी प्याले. "दुसरा कोणतरी बघा."

दुसरा कोणतरी मी होतो. मला गाडी कशी चालवता येते हे आमच्या गेटच्या डाव्या खांबाला विचारावं. दुसऱ्या शनिवारी, ज्ञानेश शेजारी आणि भाऊ मागं असताना, मी तिसऱ्यातून दुसरा घातला. गिअर असा ओरडला की दुभाजकावर झोपलेलं कुत्रं उठून पलीकडे जाऊन झोपलं. मला आयुष्यात प्रथमच माझ्या गाडी चालवण्याचा अभिमान वाटला.

"सर," ज्ञानेश म्हणाले, "राग मानू नका. तुम्ही चालवली तर कुठलीही गाडी ओरडेल."

योगिनीही हेच म्हणते.

म्हणजे हिशेब असा झाला: चांगल्या माणसानं चालवली तर गाडीत दोष नाही, आणि वाईट माणसानं चालवली तर दोष माणसात आहे. मी खात्यात बरेच ठराव वाचलेत, पण इतका निर्दोष ठराव वाचलेला नाही. बाहेर पडायला फटच नव्हती. तिसऱ्या शनिवारी सकाळी भाऊ स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि दालनात गेल्यावर ज्ञानेशसमोर किल्ली ठेवली.

"साहेब, आमच्या डेपोत एक पद्धत होती. ड्रायव्हर म्हणतोय गिअर ओरडतो, मेकॅनिक म्हणतोय नाय ओरडत. दोघं खोटं बोलत नसतात. मग गाडी मेकॅनिकनं काढायची. ड्रायव्हरनं शेजारी बसायचं आन् तोंड उघडायचं नाय. परत आल्यावर दोघांनी सही करायची."

"मी चालवू?"

"तुम्ही अजून चालवलीच नाय. तीन वेळा शेजारी बसले."

ज्ञानेशनी कानातलं यंत्र काढलं. दालनात ओम होता, पाण्याची बाटली घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक होतं, केक कापणारं एक कुटुंब होतं. "चला," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

आनंदवल्लीच्या आधी पहिला गतिरोधक. गिअर ओरडला.

"क्लचची सवय नाही मला या," ज्ञानेश म्हणाले.

दुसरा गतिरोधक. ओरडला.

"रस्ता बघा ना कसा आहे."

तिसऱ्याला सबबी संपल्या. चौथ्याला त्यांनी हळूच घालून पाहिला, मग जोरात घालून पाहिला. दोन्ही वेळा ओरडला, दुसऱ्यांदा जरा अपमान झाल्यासारखा. मी मागं बसून मनातल्या मनात वाक्य तयार करत होतो: दोष गाडीचा असून. हातात पेन होतं. आणखी सात गतिरोधक, की आम्ही जिंकून परत.

पण माझं लक्ष भाऊंकडे गेलं. शेजारच्या सीटवर त्यांचा डावा पाय पायपुसण्यावर दाबला जात होता. दर ओरडीला त्यांच्या मानेची शीर हलत होती. पाचवा गतिरोधक समोर आला, ज्ञानेशचा हात गिअरच्या मुठीकडे गेला, आणि भाऊ फुटले.

"अरे क्लच सोड! आधी मोकळा कर त्याला. मोकळा. हां. आता क्लच सोड. थोडा रेस दे. एवढा नाय, लगीन हाय का? थोडा. आता परत क्लच. आता घाल."

ताटात वाटी ठेवावी तसा गिअर बसला.

ज्ञानेशनी मुठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. मी पेनाचं टोपण लावलं. तीन शनिवारांचा पुरावा भाऊंनी स्वतःच्या तोंडानं पुसून टाकला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं, कारण ते पुढच्या गतिरोधकाकडे बघत होते. "आता तू. मी नाय बोलत."

सोमेश्वरच्या पुढं ज्ञानेशना जमायला लागलं. गंगापूर गावाशी त्यांनी स्वतःहून एकदा चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, असा सलग उतरवून दाखवला आणि भाऊंकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी चौथीतली स्कॉलरशिप आठवली. "आणखी एकदा जाऊ का काका?" त्यांनी विचारलं. त्यांचा फोन तेव्हा सात वेळा वाजून थांबलेला होता. आम्ही धरणाच्या रस्त्यानं पुढं गेलो, वळलो, आणि सगळे गतिरोधक उलट दिशेनं पुन्हा घेतले. एकही ओरड नाही.

दालनात परत आल्यावर मी बोलायची तयारी केली. खात्यातला सगळा अनुभव पणाला लावून दोन वाक्यं जुळवली होती. ज्ञानेशनी मला हातानं थांबवलं.

"काका, एवढं सगळं करायला लागतं?"

"ह्या गिअरला लागतं. बाकीच्यांना नाय."

"मग हा गेलाय."

"तेच लिहून देतोय मी महिनाभर."

"वाचलं होतं हो मी. पण…" त्यांनी उजवा हात उघडून मिटला. "हाताला नव्हतं कळलं."

त्यांनी नवा कागद घेतला. आणि लिहिलं, मराठीत: दुसऱ्या गिअरची सिंक्रो कडी झिजली आहे, हमीत बदलणे, सोमवारी गाडी आणणे. खाली सही केली. भाऊंनी कागद हातात घेऊन पूर्ण वाचला. मग परत टेबलावर ठेवला.

"अजून एक वाक्य पायजे. चालवणारीचा दोष नाय."

"काका, असा कॉलम नाहीये."

"मग कॉलमच्या बाहेर लिवा. जागा हाय बाजूला."

ज्ञानेशनी बाजूच्या कोऱ्या पट्टीत, कागद आडवा करून, ते लिहिलं. लिहिताना कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी आपणहून खण उघडला, शिक्का काढला, आणि त्या आडव्या वाक्यावर तो मारला. सरकारी माणूस म्हणून सांगतो: मी खूप शिक्के बघितलेत, पण मारणाऱ्याला मारावासा वाटला म्हणून मारलेला हा एकच. "मॅडमना सॉरी सांगा," ते म्हणाले. भाऊ म्हणाले, "ते तुम्ही सोमवारी सांगा. त्याच आणतील गाडी."

संध्याकाळी भाऊंच्या घरी चहा झाला. भाऊंनी कागद तृप्तीपुढं ठेवला आणि ते खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं आधी सरळ वाचला, मग आडवा करून वाचला. कॉलमची गोष्ट मी साभिनय सांगितली. गतिरोधकांची सांगितली. 'लगीन हाय का' सांगितलं तेव्हा मंगलाबाईंनी तोंडाला पदर लावला. तृप्तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग थांबली.

"बाबा, त्याला शिकायला किती वेळ लागला?"

"दोन गतिरोधक," मी म्हणालो. मला वाटलं, गंमत वाढतेय.

"आणि माझ्याशेजारी तुम्ही किती दिवस बसलात?"

भाऊंनी हातातला कप खाली ठेवला.

"तीन आठवडे. रोज. घरी येऊन वहीत लिहायचात. मला वाटायचं, हिशेब लिहिताय भाजीचा. त्या माणसाला, जो म्हणाला की मला चालवता येत नाही, त्याला दोन गतिरोधकांत शिकवलंत. आणि मला?"

"गाडी तुझी," भाऊ म्हणाले. आवाज खाली गेला होता. "मी बोललो असतो तर तू म्हणली असतीस, बाप चुका काढतो."

"म्हटलं असतं. मग? दोन दिवस रुसले असते."

"दोष गाडीचा हाय तृप्ती. तो तू का झाकायचा?"

"झाकायचा नाहीये. मला कळायला हवाय. त्याच्या हाताला कळला, तुमच्या कळला, काकांच्यासुद्धा कळला. फक्त माझ्याच हाताला सगळ्यांनी सांगितलं, तू लांब राहा, आम्ही बघतो."

मंगलाबाईंनी कप गोळा करायला घेतले. "ह्या माणसाला बोलतं करायचं तर त्या गिअरवाणी ओरडावं लागतं," त्या म्हणाल्या. "मी पस्तीस वर्सं गप बसले, हेच चुकलं."

भाऊंनी बिल्ल्याच्या कपाटाकडे पाहिलं नाही की माझ्याकडे पाहिलं नाही. ते पायांतल्या चपलांकडे बघत होते. मग उठले. "सोमवारी गाडी सोडायची. उद्याचा दिवस हाय मधी."

"सकाळी सहा," तृप्ती म्हणाली. "आणि मला ओरडायचं. त्याला ओरडलात तसंच."

रविवारी सकाळी मी बाल्कनीत कप घेऊन उभा राहिलो. कव्हर निघालं. तृप्तीनं वर बघून हाक मारली, "काका, येताय का? मागं वजन लागेल." अशा कामासाठी मी योग्य आहे हे मान्य करून मी खाली गेलो. मागं मंगलाबाई मांडीवर डबा घेऊन आधीच बसल्या होत्या.

पेठ रोडला लागेपर्यंत इंजिन तापलं, आणि गिअर पाच वेळा ओरडला. भाऊही ओरडले, जरा जास्तच. सवलत मिळाली होती ना.

"रेस दे. कमी. अगं कमी!"

"कमी म्हणजे किती? आकडा सांगा ना."

"आकडा नाय. कानानं घ्यायचं."

"माझ्या कानाला नाही समजत. तुम्ही रेस बरोबर झाली की 'हां' म्हणा, मी काटा बघते."

मग तसं चाललं. भाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि 'हां' म्हणायचे, तृप्ती काट्यावर नजर टाकायची. शहर मागं पडल्यावर ती म्हणाली, "तीन हजाराच्या जरा खाली. दर वेळी. बाबा, दर वेळी तिथंच!" भाऊंनी डोळे उघडून काट्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं आपण कुठल्यातरी आकड्यावर होतो हे त्यांना नवीन होतं. त्यांनी ते नाकारलं नाही. फक्त मिशीवरून हात फिरवला. त्यानंतर गिअर दोनदा ओरडला आणि मग ओरडायचा थांबला.

सावळघाटाच्या माथ्यावर भाऊ म्हणाले, "थांब. आम्ही उतरतो."

"का?"

"शेजारी बसलो का मी पायानं चालवतो. तू एकटी जा. मी इथनं ऐकतो."

आम्ही तिघं उतरलो, डब्यासकट. तृप्तीनं एकदा रस्ता बघितला, एकदा वडिलांना, आणि गाडी खाली सोडली. पहिल्या वळणाआड लाल रंग दिसेनासा झाला. भाऊ कठड्याशी जाऊन उभे राहिले, मान किंचित डावीकडे.

"तिसरा," ते म्हणाले.

दरीतून इंजिनाचा एक लहान हुंकार आला.

"दुसरा." ओरड नाही. "आता सरळ हाय जरा. पुढचं वळण वंगाळ हाय, उलटं पडतं."

आम्ही थांबलो. मलाही श्वास रोखावासा वाटत होता, आणि मी काही चालवत नव्हतो. पुन्हा हुंकार, मग शांत, मग गाडी खालच्या रस्त्याला लागल्याचा आवाज.

"बसला," भाऊ म्हणाले. "माझ्यापेक्षा रेस कमी घेती ती. वाया घालवत नाय."

"परत कधी येईल?" मी विचारलं.

"वळायला जागा लगेच खाली हाय. पण एवढ्यात वळायची नाय ती."

मंगलाबाईंनी कठड्यावर फडकं पसरलं आणि डबा उघडला. नागलीची भाकरी, ठेचा. भाऊंनी एक तुकडा हातात घेतला. खालून, आता बऱ्याच लांबून, पुन्हा तो हुंकार आला. या वेळी भाऊंनी कुठला गिअर ते सांगितलं नाही. तुकडा हातात तसाच धरून ते नुसते ऐकत राहिले.